पोरांना समुद्रावर धाडा

पालकहो,

सागरकिनाऱ्याच्या अभ्यासभेटीचं संमतीपत्र मुलांच्या दप्तरातून तुमच्या हाती पडलं आणि दुसऱ्या दिवसापासून शंका यायला लागल्या. कुणी शाळेच्या फाटकाशी गाठलं, कुणी बाजारात, कुणी फोनवर. एका ताईंनी तर सरळच विचारलं, "मॅडम, आपल्या सौंसरले समुद्र कुठं हाये? पोरीले येवढ्या दूर काहून धाडाचं?" प्रश्न रास्त आहे. फाटकाशी उभ्या उभ्या त्याचं उत्तर देता येत नाही, म्हणून आज सविस्तर लिहायला बसले.

समुद्र आपल्यापासून लांब आहे, हे खरंच. पण आपलं पाणी समुद्रापासून लांब नाही. ज्या जाम नदीच्या पात्रात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याची गोटमार होते, ती जाम पुढे कन्हानला मिळते. कन्हान रामाकोन्यावरून नागपूर जिल्ह्यात उतरते, तिथं तिला पेंच मिळते, नागपूर शहराचं सांडपाणी घेऊन येणारी नाग नदी मिळते, आणि मग ती वैनगंगेत जाते. वैनगंगा आणि वर्धा एकत्र आल्या की त्यांची प्राणहिता होते. प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळते आणि गोदावरी आंध्रात राजमहेंद्रीच्या पुढे फाटे फुटून यानम-काकिनाड्याच्या बाजूला बंगालच्या उपसागरात जाते. तुमच्या बगीच्याच्या धुऱ्यावरून वाहून गेलेलं पावसाचं पाणी शेवटी तिथं पोचतं. मधे नागपूरकर त्यातलंच थोडं पितातही, कारण त्या शहराच्या काही भागाचं पिण्याचं पाणी कन्हानचंच आहे.

आणखी एक गंमत आपल्या अगदी शेजारी आहे. मुलताईला तापीच्या दर्शनाला आपल्यातले कितीतरी जण जाऊन आलेत. ती तापी पश्चिमेला वाहत सुरतेपाशी अरबी समुद्राला मिळते. त्याच मुलताईच्या पठारावर वर्धा नदी उगम पावते आणि तिचं पाणी प्राणहितेतून बंगालच्या उपसागरात जातं. एकाच पठारावर पडलेला पाऊस देशाच्या दोन टोकांच्या दोन समुद्रांना वाटला जातो, आणि ही वाटणी होते आपल्या घरापासून तासा-दीड तासाच्या अंतरावर. मुंबईच्या मुलाला समुद्र रोज दिसतो, पण ही वाटणी बघायला त्याला आपल्याकडे यावं लागेल. म्हणून सौंसरच्या मुलांना समुद्राचं काय, असं कुणी म्हटलं की मला ते पटत नाही. दोन्ही समुद्रांचं माहेर आपल्या बाजूला आहे.

आता आपल्या धंद्याचं बोलू. आपल्यापैकी निम्म्यांच्या घरी संत्र्याचा बगीचा आहे. आंबिया बहर धरायचा की मृग, ताण कधी द्यायचा, ताण तोडल्यावर खताचा डोस किती, हे तुम्ही मला शिकवाल. मी विज्ञानाची शिक्षिका म्हणून एवढंच सांगते, की युरियातलं नत्र पाण्यात चटकन विरघळतं. झाडानं घेतलं तेवढं घेतलं, उरलेलं पहिल्या मोठ्या पावसात नाल्याला लागतं. नदीच्या मुखाशी असं नत्र साठलं की समुद्रात सूक्ष्म शेवाळ भरमसाट वाढतं. ते मरून कुजायला लागलं की पाण्यातला प्राणवायू संपतो. मासे पळू शकतात ते पळतात, खेकडे आणि शिंपल्या जागच्या जागी मरतात. अमेरिकेत मिसिसिपी नदीच्या मुखाशी, मेक्सिकोच्या आखातात, दर उन्हाळ्यात हजारो चौरस किलोमीटरचा असा पट्टा तयार होतो. त्यातलं बरंचसं नत्र येतं आयोवा, इलिनॉय ह्या राज्यांमधल्या मक्याच्या शेतांतून. त्या शेतकऱ्यांपासूनही समुद्र आपल्यासारखाच लांब आहे, आणि तिथल्या कोळ्यांचं नुकसान व्हावं असं त्यांच्याही मनात कधी नव्हतं. हे कळलं की खताचा डोस वाटून द्यावा, पावसाच्या तोंडावर युरिया फेकू नये, ह्या कृषिखात्याच्या जुन्याच सल्ल्याला नवा अर्थ येतो. आणि हे पोरांना कळलं तर ती वीस वर्षांनी तो बगीचा वेगळ्या हातानं करतील.

गाळाचीही तीच कथा. नदी आपल्या वरच्या भागातून माती आणि रेती घेऊन जाते आणि मुखाशी पसरते. त्यावरच गोदावरीचा त्रिभुज प्रदेश उभा राहिला. धरणांनी तो गाळ वरच अडवला, रेती ट्रकांत भरून गेली, आणि खाली समुद्राची धूप भरून निघेना. काकिनाड्याजवळचं उप्पाडा हे कोळ्यांचं गाव वर्षानुवर्षं लाटांच्या पोटात जात आहे. घरं गेली, देवळं गेली, रस्ता तर किती वेळा बांधला आणि किती वेळा वाहून गेला. कन्हानची रेती आपण डोळ्यांनी जाताना बघतो. तिचा हिशेब कुठं लागतो, ते उप्पाड्याला दिसतं.

एवढं सगळं वर्गात फळ्यावर शिकवता येत नाही का? येतं. मी शिकवते. मुलं प्रश्नोत्तरं पाठ करतात आणि पाचपैकी पाच गुणही घेतात. महिन्याभरानं विचारलं तर त्यांना असं शेवाळ माजण्याला असलेला 'सुपोषण' हा शब्द आठवतो, पण पाणी हिरवं का झालं हे सांगता येत नाही. म्हणून आम्ही नदीवर जायला लागलो.

रामाकोन्याच्या बाजूला कन्हानच्या काठावर मुलांना नेलं की पहिलं काम असतं पाण्याचा गढूळपणा मोजायचं. त्यासाठी दुकानातून काही आणावं लागत नाही. घरातल्या जुन्या स्टीलच्या ताटलीला पांढरा रंग द्यायचा, मधे भोक पाडायचं, खाली दगड बांधायचा आणि वर खुणा केलेली दोरी. पुलावरून ती ताटली हळूहळू पाण्यात सोडायची आणि ज्या खुणेला ती दिसेनाशी होते ती खूण वहीत लिहायची. १८६५ साली आंजेलो सेक्की नावाच्या इटलीतल्या एका धर्मगुरू शास्त्रज्ञानं भूमध्य समुद्रात जहाजावरून हेच केलं, आणि आजही जगभरचे समुद्रशास्त्रज्ञ त्याच्याच नावाची तबकडी वापरतात. सप्टेंबरात आपली ताटली हातभर खाली गेली न गेली की दिसेनाशी होते. जानेवारीत तीच ताटली कितीतरी खोलवर पांढरी दिसत राहते. मधल्या काळात नदीत काय बदललं, ह्यावर मग मुलांची भांडणं लागतात. कुणी म्हणतं माती वाहून गेली, कुणी म्हणतं पाण्याचा वेग कमी झाला. मी उत्तर सांगत नाही. दोघांनीही पुन्हा जाऊन मोजायचं.

दुसरं काम कचऱ्याचं. इथं लोकांचा गैरसमज होतो, म्हणून स्पष्ट सांगते. आम्ही मुलांना सफाई कामगार बनवत नाही. काठाचा ठरावीक तुकडा दोरीनं आखायचा, त्यातलं सगळं उचलायचं, वेगळं करायचं आणि मोजायचं. गुटख्याच्या पुड्या किती, शाम्पूची पाकिटं किती, थर्माकोलच्या द्रोण-पत्रावळी किती, देवाच्या फुटक्या फ्रेमा किती, औषधाच्या रिकाम्या बाटल्या किती. एका पोरानं अशीच एक बाटली उचलली, लेबल वाचलं आणि म्हणाला, "मॅडम, हे तं आमच्या वावरातलं औषध हाये." तो लाजला नाही, मीही त्याला लाजवलं नाही. फवारणीनंतर बाटली तीनदा विसळून ते पाणी पंपातच ओतायचं आणि बाटलीला भोकं पाडून ठेवायची, म्हणजे ती पुन्हा कुणी वापरणार नाही, हे त्यानं वहीत लिहून घेतलं आणि घरी जाऊन वडिलांना सांगितलं. गावच्या सभेत साहेबांनी भाषण देऊन जे होत नाही, ते असं होतं.

आणि हे काम आपल्यापुरतं नाही. १९८६ साली अमेरिकेत टेक्सासच्या किनाऱ्यावर लोकांनी अशीच मोजणी सुरू केली. आज दर वर्षी सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी जगभरातली माणसं, त्यांत शाळांची मुलं मोठ्या संख्येनं, किनारे, नद्या आणि तळी ह्यांवर जातात आणि ठरलेल्या तक्त्यात कचरा मोजून नोंदवतात. समुद्रकिनाराच पाहिजे अशी अट नाही, नदीकाठही चालतो. फिलिपाईन्सच्या मुलीनं मोजलेली पुडी आणि आपल्या लोधीखेड्याच्या मुलीनं मोजलेली पुडी एकाच तक्त्यात बसू शकते. परदेशी पोरांबरोबर आपली पोरं शिकावीत अशी ज्यांची इच्छा आहे, त्यांनी विमानाच्या तिकिटाची वाट बघायचं कारण नाही.

पुण्याजवळ मुळशीच्या डोंगरावर महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेज आहे. १९९७ पासून तिथं अनेक देशांची मुलं अकरावी-बारावीच्या वयात एकत्र राहून शिकतात. तिथल्या आंतरराष्ट्रीय बॅकलॉरिएट अभ्यासक्रमात पर्यावरण हा विषय घेतलेल्या मुलाला स्वतःचा प्रश्न स्वतः ठरवून, मोजमाप करून, त्याचा निबंध लिहावाच लागतो. तो नाही लिहिला तर विषय सुटत नाही. ते शिक्षण महाग आहे, आपल्याला परवडणारं नाही. पण त्यातला हा जो गाभा आहे, प्रश्न स्वतःचा आणि मोजणी स्वतःची, त्याला पैसा लागत नाही. रंगवलेली ताटली आणि वही पुरते. आपल्याच देशात सर्वोच्च न्यायालयानं १९९१ साली एम. सी. मेहता ह्यांच्या याचिकेवर पर्यावरण शिक्षण सक्तीचं करायला सांगितलं. सक्ती झाली, पुस्तकं छापली गेली, पण मुलं बाहेर पडायची राहिली. आपल्या मध्य प्रदेशात मोगली बाल उत्सव होतो, निवडक मुलांना पेंचचं जंगल बघायला मिळतं. तो उपक्रम मला मनापासून आवडतो. जंगलाला जे मिळालं तेच समुद्रालाही मिळावं, एवढीच माझी मागणी आहे.

महाराष्ट्राच्या दहावीच्या भूगोलात पहिलाच धडा क्षेत्रभेटीचा आहे. त्यात नळदुर्गची, म्हणजे समुद्रापासून लांबची मुलं शिक्षकांबरोबर अलिबागला जातात, वाटेत माती, पिकं, घाट बघतात आणि प्रश्न विचारतात. आपली मुलं मध्य प्रदेशच्या मंडळाची, त्यांच्या वाट्याला हा धडा येत नाही. मी तो वर्गात वाचून दाखवते. मुलांनी विचारलं, "आपण कवा जाऊ?" त्यातूनच हे संमतीपत्र निघालं.

आता जायचं कुठं. नदीच्या मागोमाग जायचं तर काकिनाड्याला गेलं पाहिजे. तिथलं कोरिंगा अभयारण्य म्हणजे गोदावरीच्या मुखावरचं खारफुटीचं जंगल, आणि आपलं पाणी जिथं खारं होतं ती जागा. एक दिवस तिथंही जाऊ. पण पहिली भेट मी कोकणात ठरवली, आणि त्याला कारण भाषा. काकिनाड्याच्या कोळ्याशी आपली मुलं दुभाष्यामार्फत बोलतील, वेळासच्या आजीशी थेट बोलतील. मुलं जिथं स्वतः प्रश्न विचारू शकत नाहीत, तिथं ती फक्त बघून परत येतात.

वेळास हे रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यातलं छोटं गाव. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेची मंडळी समुद्रगरुडाची पाहणी करत किनाऱ्यानं फिरत होती, तेव्हा त्यांना कासवाच्या अंड्यांची टरफलं सापडली. ऑलिव्ह रिडले जातीच्या कासविणी तिथं रात्री येऊन वाळूत अंडी घालत होत्या आणि ती अंडी कोल्ही-कुत्री आणि माणसंही उकरून नेत होती. भाऊ काटदरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावकऱ्यांशीच बोलणं सुरू केलं. पहाटे किनारा फिरून घरटी शोधायची, अंडी जाळीच्या कुंपणात तशाच खोलीच्या खड्ड्यात हलवायची, पिल्लं निघाली की समुद्रात सोडायची. २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला. आता पाहुणे गावकऱ्यांच्याच घरी उतरतात, त्यांच्याच हातचं जेवतात, आणि कासव जगलं तर गावाला चार पैसे मिळतात. कायद्याच्या धाकानं जे झालं नसतं ते ह्या व्यवहारानं झालं, असं माझं स्पष्ट मत आहे. आपल्याकडच्या रेतीच्या आणि जंगलाच्या भांडणांना ह्यातून शिकण्यासारखं पुष्कळ आहे, आणि ते मुलांनी आपल्या डोळ्यांनी बघावं.

तिथं मुलं काय शिकतील? एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी असतात आणि पिल्लं बाहेर यायला साधारण दीड ते दोन महिने लागतात. पिल्लू नर होणार की मादी, हे आईबापांकडून ठरत नाही, वाळूच्या उष्णतेवर ठरतं. वाळू जास्त तापली की माद्या जास्त, थंड राहिली की नर जास्त. हे पुस्तकात वाचलं की ते एक आश्चर्य म्हणून डोक्यात राहतं. पण मुलीनं स्वतः तापमापी वाळूत खोवून सकाळ-दुपार आकडा लिहिला, सावलीतल्या आणि उन्हातल्या वाळूत किती फरक पडतो ते बघितलं, की पृथ्वी तापण्याचा अर्थ तिला आकड्यात कळतो. किनारा दोन-तीन अंशांनी तापला तर उद्या नर उरतील का, हा प्रश्न मग ती स्वतःच विचारते.

पिल्लं निघण्याची वेळ आली की घरट्यावर बांबूची टोपली पालथी घातलेली असते. सकाळी आणि संध्याकाळी घरट्यांची राखण करणारा कासवमित्र ती टोपली उचलतो. कधी खाली काहीच नसतं, आणि मुलांना हिरमुसून परतावं लागतं. तेही शिक्षणच आहे, निसर्ग वेळापत्रकावर चालत नाही. कधी मात्र वाळू आतून हलते आणि मुठीएवढीसुद्धा नसलेली काळी पिल्लं एकमेकांच्या पाठीवर चढत वर येतात. त्यांना दोरीच्या पलीकडे ओल्या वाळूवर सोडतात. हात लावायचा नाही, टॉर्च मारायचा नाही, फ्लॅश मारायचा नाही, कारण पिल्लं उजेडाच्या मागं जातात आणि माणसाच्या दिव्यांनी वाट चुकतात. किनाऱ्यावरच्या हॉटेलांचे दिवे कासवांना का नको असतात, हे त्या क्षणी वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

आणि आता ती गोष्ट, जी मी आपल्या मुलांना नकाशा उलगडून सांगते. २०२१ साली ओडिशाच्या किनाऱ्यावर, म्हणजे बंगालच्या उपसागरावर, एका ऑलिव्ह रिडले मादीच्या परावर धातूची खूणपट्टी लावली होती. क्रमांक ०३२३३. ती मादी जानेवारी २०२५ मध्ये कोकणात गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालायला आली. साडेतीन हजार किलोमीटरच्या आसपासचा प्रवास करून. त्याआधी २०२३ साली गुहागरला उपग्रहाचं यंत्र लावून सोडलेली बागेश्री नावाची मादी श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली होती. मुलताईच्या पठारावर वेगळे झालेले आपले दोन समुद्र कासवांच्या लेखी एकच आहेत. आपण कन्हानमध्ये टाकलेली पिशवी बंगालच्या उपसागरात पोचली तर तिची गाठ कोकणात अंडी घालणाऱ्या कासविणीशी पडू शकते. हे मी भावनेच्या भरात म्हणत नाही. नदीची वाट तुम्हाला वर सांगितली, कासवाची वाट खूणपट्टीनं दाखवली.

कोळ्यांशी बोलणं हा ह्या भेटीतला माझा सगळ्यात आवडता भाग आहे. जाळ्यात कासव अडकलं तर कोळी काय करतो, हे मुलांनी विचारायचं आहे. महाराष्ट्रात २०१८च्या अखेरीपासून एक योजना आहे. संरक्षित प्राणी जाळ्यातून सोडवण्यासाठी जाळं कापावं लागलं तर कोळ्याला पंचवीस हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. ती वेळेवर मिळते का, जाळ्याची किंमत त्यातून निघते का, पूर्वी आजोबांच्या होडीला किती मासळी लागायची आणि आता किती लागते, हे सगळं विचारायचं. पर्यावरण म्हणजे फक्त प्राणी नव्हेत, त्यांच्या शेजारी पोट भरणारी माणसंही आहेत, हे संत्रेवाल्याच्या पोराला लवकर कळतं, कारण भाव पडणं आणि झाड वाळणं त्यानं घरात बघितलेलं असतं. नीलगाय आणि रानडुकरांनी वावर खाल्लं की आपण काय बोलतो, आणि कोळी कासवाबद्दल काय बोलतो, ह्याची तुलना मुलं आपोआप करतात.

ओहोटीला खडकाळ किनारा उघडा पडतो, तिथं एक मीटरची चौकट टाकून आतले जीव मोजायचे. खडकाला चिकटलेली कालवं, शंखात राहणारे खेकडे, समुद्रफुलं. उचललेला दगड होता तसाच परत ठेवायचा, शंख-शिंपले घरी आणायचे नाहीत. ह्या दोन अटी मी फार कडक पाळणार आहे, तेव्हा घरच्यांसाठी शिंपले का आणले नाहीत, म्हणून रागवू नका. मुंबईसारख्या शहरातही २०१७ पासून मरिन लाइफ ऑफ मुंबई ही मंडळी लोकांना ओहोटीच्या वेळी गिरगाव, हाजी अलीच्या खडकांवर नेऊन जिवंत प्रवाळ दाखवतात. एवढ्या गजबजलेल्या शहराच्या पायाशी समुद्र अजून जिवंत आहे, हे बघून आपल्या कन्हानबद्दलही आशा वाटते.

आता भीतीबद्दल बोलते, कारण तुमच्या मनात खरी तीच आहे. २०१६ साली मुरूडच्या किनाऱ्यावर सहलीला आलेले कॉलेजचे विद्यार्थी बुडाले, ती बातमी कुणी विसरलेलं नाही. मीही नाही. म्हणूनच मी ह्या भेटीला सहल म्हणत नाही. पोहणं नाही, घोट्याच्या वर पाण्यात जाणं नाही, घोडागाडी नाही, बोटीत बसायचं झालं तर लाइफ जॅकेट अंगात चढवल्याशिवाय नाही. भरती-ओहोटीच्या वेळा आधी काढून काम ओहोटी चालू असतानाच करायचं, भरती लागायच्या आत किनारा सोडायचा. गावातला माहीतगार माणूस सतत सोबत. मुलींबरोबर शिक्षिका, त्याच घरात मुक्कामाला. आणि एक लक्षात घ्या, पाण्याची भीती समुद्राचीच असते असं नाही. कन्हानच्या पात्रात रेती उपसल्यानं झालेले खड्डे पुराच्या पाण्याखाली दिसत नाहीत, आणि आपली पोरं तिथं कुणालाही न सांगता पोहायला जातात. पाणी कसं वागतं हे ज्या मुलाला शिकवलंय, ते मूल जास्त सुरक्षित असतं, असा माझा ठाम विश्वास आहे.

मुलींच्या पालकांना वेगळं सांगते. मुलांच्या संमतीपत्रांवर सह्या लवकर होतात, मुलींची पत्रं दप्तरातच राहतात. वर्गात ताटलीची खूण सगळ्यात नेमकी वाचणाऱ्या मुलीच आहेत. त्यांना मागं ठेवून मला जायचं नाही.

अभ्यास बुडण्याची काळजी करू नका. नववी आणि अकरावीची वार्षिक परीक्षा आटोपल्यावर, नवं सत्र सुरू व्हायच्या आत, मार्चच्या शेवटी जायचं ठरवलंय. पिल्लं निघण्याचा हंगामही तोच असतो. दहावी-बारावीच्या मुलांना नेणार नाही. ज्यांना पुढं ह्याच विषयात जायचं असेल त्यांच्यासाठी वाटा आहेत. गोव्यात दोनापावलला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, रत्नागिरीला मत्स्य महाविद्यालय आहे, मुंबईत केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे. पण मी काही प्रत्येकाला समुद्रशास्त्रज्ञ करायला निघाले नाही. संत्रे पिकवणारा, दुकान चालवणारा, तहसिलीत कारकून असणारा, सरपंच होणारा, ह्या सगळ्यांना आपल्या नाल्याचं पाणी कुठं जातं हे माहीत असावं, एवढंच.

खर्चाचं सांगते. नागपूरहून रेल्वेच्या साध्या डब्यातलं आरक्षण, पुढं एसटी आणि गावकऱ्यांच्या घरी मुक्काम, ह्यापलीकडे काही नाही. ज्यांना झेपणार नाही त्यांनी मला एकट्यात येऊन सांगावं. पैशापायी एकही मूल मागं राहणार नाही, त्याची जबाबदारी आम्ही शिक्षकांनी आपसांत घेतली आहे. ज्यांचा आंबिया चांगला गेला असेल त्यांनी एका मुलाचा खर्च उचलला तर त्याचा आनंदच आहे.

मूल परत आलं की त्याला 'मजा आली का' असं विचारू नका. काय मोजलंस, आकडा किती आला, वही दाखव, असं विचारा. मग तेच वहीतलं पान घेऊन त्याला आपल्या वावराच्या नाल्यावर न्या.

पण मार्चला अजून अवकाश आहे. त्याआधी ह्या सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी सकाळी ८ वाजता आपण रामाकोन्याला कन्हानच्या काठावर जाणार आहोत, आणि तिथं मला मुलांबरोबर तुम्हीही हवे आहात. जुने जोडे घाला, हातमोजे आणि पाण्याची बाटली आणा, प्लॅस्टिकची पिशवी आणू नका. पाण्यात कुणी उतरायचं नाही, मोठ्यांनीही नाही. समुद्राच्या भेटीचं संमतीपत्र तिथंच सही करून माझ्या हातात द्या. आणि शंका उरली असेल तर तीही घेऊन या, काठावर बसून बोलू.